पडद्यावरचे पाणी

चित्रपटातली लाट पाहून विद्यार्थी 'अगदी खरी!' म्हणतात, तेव्हा साहित्य शिकवणारे आम्ही जरा सावध होतो. हे 'खरी' म्हणजे नेमके काय? संगणकावर पाणी कसे वाहवतात हे समजून घेताना आम्हांला या प्रश्नाची एक नवी बाजू दिसली.

प्रवाहाचे नियम सांगणारी नाविए आणि स्टोक्स यांची समीकरणे एकोणिसाव्या शतकातली. संगणकाला ती सोडवायची तर अवकाशाचे कप्पे पाडावे लागतात आणि काळ पावलापावलाने पुढे न्यावा लागतो. पूर्वीच्या पद्धतींत पाऊल जरा मोठे पडले की आकडे भडकत आणि सारे दृश्यच कोसळे. १९९९ मध्ये जोस स्टॅम यांनी 'स्टेबल फ्लुइड्स' या निबंधात प्रश्न उलटा केला. इथले पाणी कुठे जाईल, असे न विचारता इथे आलेले पाणी क्षणापूर्वी कुठे होते, असे विचारायचे आणि तिथल्या आसपासच्या वेगांची सरासरी घ्यायची. सरासरी मूळ आकड्यांची मर्यादा ओलांडत नाही. म्हणून गणित कोसळत नाही.

पण सरासरी बारकावे गिळते. लहान भोवरे विरतात, पाणी काकवीसारखे दाट भासते. २००१ मध्ये फेडकिव, स्टॅम आणि येन्सेन यांनी धुराच्या चित्रणात यावर उपाय वापरला : भोवरे जिथे क्षीण होतात, तिथे त्यांना पुन्हा फिरवणारे एक जादा बळ घालायचे. हे बळ मूळ समीकरणात नाही. गणिताने जे हरवले, ते परत आणण्यासाठी ते बाहेरून घातलेले आहे.

इथे शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवणे अपरिहार्य होते. चित्रातल्या घोड्याची प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे, सादृश्याचीही नव्हे. पडद्यावरचे पाणी याच जातीचे. कादंबरीतली बोलीही अशीच नाही काय? माणसांचे बोलणे जसेच्या तसे उतरवले तर कागदावर ते निर्जीव होते. लेखक कोणी न उच्चारलेला शब्द घालतो आणि तिचा हेल परत येतो.

मात्र अशी भर घालण्याचा अधिकार सर्वत्र सारखा नसतो. धरणाच्या भिंतीवर पडणारा दाब मोजणाऱ्याला सुंदर भोवरा नको, अचूक आकडा हवा. तिथे चूक जीव घेते. इतिहास लिहिणाऱ्यालाही तसेच. कलेला ही मुभा आहे, ती एका अटीवर : काय हरवले आहे, हे आधी नेमके ठाऊक हवे. ते ठाऊक नसताना घातलेली भर म्हणजे केवळ सजावट.