दोष कोठे आहे?

गतवर्षीच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. मोहगावच्या परिसरात संत्र्याच्या बागांचा ताण तोडण्याचे ते दिवस होते. आंबिया बहारासाठी झाडांचे पाणी काही आठवडे बंद ठेवावे लागते व मग वेळ साधून पहिले पाणी द्यावे लागते, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. समुद्रकाठी वाढलेल्या मला मात्र ते येथे आल्यावरच कळले.

त्या सायंकाळी मी नवव्या इयत्तेतील एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी तांबड्या शाईने लिहिले होते, 'लक्ष नाही. लेखन फार कच्चे.' त्याविषयी वडिलांशी बोलावे, हा हेतू. परंतु घरची सारी मंडळी बागेत होती. विजेची मोटर जळाली होती आणि अडगळीतून काढलेले रॉकेलचे जुने इंजिन काही केल्या सुरू होत नव्हते. दोरी ओढून ओढून वडील घामाघूम झाले होते. पाणी आणखी लांबले तर वर्षाचे पीक हातचे जाणार, ही काळजी त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होती.

मला यंत्रातले काही कळत नाही. म्हणूनच की काय, मी भराभर सल्ले देऊ लागलो. "सगळे इंजिन खोलून पाहा," असेही म्हणालो. तोच आमचा हा विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, एकदम सारं नोका खोलू. पयले तेल येते का पाहू."

त्याने प्रथम तेलाची नळी सोडवून पाहिली. धार नीट पडत होती. मग गाळणी पाहिली; ती स्वच्छ होती. नळी पुन्हा बसवून त्याने तेलाचा डबा दूर नेऊन ठेवला, प्लग काढला, तो तारेसह इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला व वडिलांना दोरी ओढावयास सांगितले. ठिणगी पडली नाही. प्लगाच्या टोकाशी काजळी साचली होती. ती खरडून, पुसून त्याने पुन्हा पाहिले, तो निळसर ठिणगी चमकली! पुढच्या दहा मिनिटांत पाटात पाणी खळखळू लागले.

अंधारातून परत येताना मला शंभर वर्षांपूर्वीच्या सुमाराची, अशाच एका प्लगाची कथा आठवली. इतिहासाच्या तासाला ती मी अनेकदा सांगितली आहे.

इंग्लंड व भारत यांमधील प्रवास विमानाने एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० च्या मे महिन्यात जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, तर अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होता. दोघांचीही विमाने 'जिप्सी मॉथ' जातीची होती. दोन पंखांची जोडी, लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि पुढे सुमारे शंभर अश्वशक्तीचे चार नळकांड्यांचे इंजिन, असे हे चिमुकले विमान. मिसर देशातील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे प्लग बिघडले होते व जवळ जादा प्लग नव्हते. आडनाव इंजिनियर, पण एवढ्याशा प्लगावाचून सारे अडले!

अशा विमानाचा बिघाड शोधण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. मॉथ विमानात पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी असते व पेट्रोल आपल्या भारानेच खाली उतरते. म्हणून प्रथम तळाचे थोडे पेट्रोल काढून पाहतात. पाणी शिरले असेल तर ते जड असल्याने तळाशी सापडते. त्यानंतर ठिणगीचा विचार. प्रत्येक नळकांड्याला दोन प्लग असतात आणि त्यांना वीज पुरविणारे मॅग्नेटोही दोन. एकाने दगा दिला तरी दुसऱ्याच्या बळावर विमान खाली उतरविता यावे, ही त्यातील दूरदृष्टी. उड्डाणापूर्वी वैमानिक इंजिन चालू ठेवून एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करतो. इंजिनाचे फेरे किंचित घटले तर चिंता नाही. परंतु ते खोकू लागले, तर चालू राहिलेल्या बाजूला दोष आहे, असे समजावे. मग नळकांडी तपासावयाची. थोडा वेळ चालूनही जे इतरांहून थंड राहिले, त्यात ज्वलन होत नाही; त्याचेच प्लग काढून पाहावेत. अशा रीतीने संशयाचे वर्तुळ लहान लहान करीत नेले म्हणजे दोष आपोआप हाती येतो. एकाच वेळी चार गोष्टी बदलणारास मात्र खरा दोष कोणता होता, हे कधीच कळत नाही.

अबुकीरला टाटांनी काय केले? आपल्याजवळच्या जादा प्लगांतून त्यांनी प्रतिस्पर्ध्याची गरज भागविली. अस्पी पुढे निघाला व पारितोषिक त्यालाच मिळाले. तोच अस्पी १९६० च्या डिसेंबरात भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर विमान उतरविले आणि आपल्या देशातील हवाई टपालाचा पाया घातला. पारितोषिक हुकल्याने त्यांचे काहीच अडले नाही.

ही कथा सांगताना मी आजवर औदार्यावर भर देत असे. त्या रात्री मात्र मनात निराळाच प्रश्न उभा राहिला. ज्या मुलाने इतक्या क्रमाने दोष शोधला, त्याच्या बाबतीत मी कोणता क्रम पाळला होता? तेल पाहिले नाही, गाळणी पाहिली नाही. एकदम 'लक्ष नाही' असा निकाल देऊन मोकळा झालो!

माझी मातृभाषा कोंकणी. लहानपणी शाळेत माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला की वर्गात हशा पिकत असे, आणि मग मी बोलणेच टाळत असे. ते दुःख भोगलेला मी, या मुलाच्या वहीतील 'पयले' आणि 'नोका' यांच्याखाली मात्र रेघा ओढीत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "इंजिन कसे सुरू केलेस, ते तुझ्या घरच्या बोलीत लिहून आण. मी एकही रेघ ओढणार नाही."

अर्धे पान भरताना अडखळणारा तो मुलगा तीन पाने लिहून घेऊन आला. कोणत्या गोष्टीनंतर कोणती, याचा क्रम त्यात कोठेही चुकला नव्हता. पुढे आम्ही दोघांनी मिळून तेच लिखाण ग्रांथिक मराठीत उतरविले. त्याची घरची बोली त्याने टाकावी, असे मी आता म्हणत नाही. विमानालासुद्धा दोन मॅग्नेटो असतात.

प्रगतिपुस्तकातील ती तांबडी ओळ मी खोडली व बाजूला माझी सही केली. त्याच्या लेखनात अद्याप ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात. त्या आम्ही एकेक करून पाहत आहोत. विद्यार्थिमित्रहो, आपल्या या अंकासाठी त्याने यंदा आपण होऊन एक लेख दिला आहे. तो अवश्य वाचा.