पाणी किती फुटांवर?

शाळेत चित्रकलेला शिक्षक असतो, खेळाला असतो. नाटक मात्र ज्या बाईंना आवडतं त्यांच्याच गळ्यात पडतं. सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या शाळेतल्या तशा बाई निवृत्त झाल्या आणि स्नेहसंमेलनात नुसते नाच उरले. तेव्हा आम्हा काही माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, विजेच्या सामानाचं दुकान असलेला माझा वर्गमित्र, विलिंग्डन कॉलेजात शिकणारी दोन मुलं आणि मी. मी कॉलेजपासून हौशी संस्थांमध्ये विंगेत काम करत आलेय, म्हणून गटाची जबाबदारी माझ्याकडे आली.

या कामात नाटक थोडं आणि कागद फार. राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं, लेखकाची लेखी परवानगी हवी. पालकांची संमतीपत्रं, सहामाहीचं वेळापत्रक, तालीम लांबली तर वडापच्या गाडीनं जाणाऱ्या मुलींना घरी कोण सोडणार, हे सगळं आधी लावावं लागतं. मुलांकडून एक पैसा घ्यायचा नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. कपडेपटासाठी ताईंनी घरोघरच्या जुन्या साड्या मागून आणल्या.

यापेक्षा अवघड होतं ते मोठ्या माणसांना आवरणं. नाटकावर जीव असलेला माणूस तालमीत आला की त्याला राहवत नाही. 'असं नाही, असं म्हण' म्हणत तो वाक्य म्हणून दाखवतो आणि मूल त्याची हुबेहूब नक्कल करतं. त्यानंतर त्या मुलाचा स्वतःचा आवाज पुन्हा ऐकू येत नाही. म्हणून आमच्या गटात एकच कडक नियम केला: मुलाला वाक्य म्हणून दाखवायचं नाही. वाटेल तेवढे प्रश्न विचारा, 'तू कुठून आलीस, तुझ्या हातात काय आहे' हे विचारा, पण वाक्य त्याचं त्याला सापडू द्या.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी 57 फुटांवर गेलं. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना आधी हेच विचारतात, 'पाणी किती फुटांवर?' चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. विश्रामबाग त्या मानानं उंचावर. नदीकाठच्या गावभागातली कितीतरी कुटुंबं इकडे नातेवाइकांकडे येऊन राहिली होती. आमच्या तालमीतल्या काही मुलांची घरंही पाण्यात गेली होती.

त्या वर्षी आम्ही एका राजाची गमतीदार गोष्ट बसवायला घेतली होती. मुलं वाक्यं बिनचूक म्हणत होती, पण त्यात जीव नव्हता. एका शनिवारी काकांनी संहिता मिटली आणि विचारलं, 'पाणी चढायला लागलं तेव्हा तुमच्या घरात आधी काय वर नेलं?' नववीतली एक मुलगी, जी एरवी मागच्या बाकावरून हलत नसे, उठून म्हणाली, 'बाबा टीव्ही उचलत होते आणि आजी म्हणत होती, आधी हरभऱ्याचं पोतं न्या.' सगळे हसले. तीही हसली आणि मग आजीसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं.

राजाची गोष्ट बाजूला पडली. मुलांनी जिना मांडला, म्हणजे खडूनं जमिनीवर पायऱ्या आखल्या. मागे उभी असलेली सात-आठ मुलं आकडे म्हणायची: एक्केचाळीस, बेचाळीस. दर आकड्याला कुणीतरी एक वस्तू घेऊन पायरी चढायचं. ज्याच्या घरात पाण्याचा थेंब आला नव्हता, असा विश्रामबागचा एक मुलगा फोनवरून सारखा 'आता किती?' असं विचारायचा. पन्नासच्या पुढे मागची मुलं आपोआप हळू म्हणायला लागली. काका हे सगळं वहीत उतरवून घेत होते.

शेवटावरून मात्र काकांचं आणि माझं चांगलंच जुंपलं. त्यांना वाटत होतं, एका मुलानं पुढे येऊन नदी आणि निसर्ग यांवर चार शब्द बोलावेत. त्यांची तळमळ खरी होती, त्यांच्या बहिणीचं घर बुडालं होतं. पण मला ते भाषण मुलांच्या तोंडी नको होतं. शेवटी आम्ही मुलांनाच विचारलं. तीच मुलगी म्हणाली, 'पाणी उतरल्यावर कुणी बोलतच नव्हतं, सगळे खराट्यानं चिखल काढत होते.' शेवट ठरला. स्नेहसंमेलनात शाळेच्या स्टेजवर एकामागून एक खराटे सुरू झाले. त्या आवाजावर पडदा पाडा, असं विंगेतून खूण करून सांगणारा आठवीतलाच एक मुलगा होता.

आपलं वाक्य आपणच शोधणं सांगलीला काही नवं नाही. 1843 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी स्वतःच्या शब्दांत करायची. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी वस्त्यांमधल्या मुलांकडून त्यांचीच नाटकं उभी करून घेतली, तीही कार्यकर्त्यांच्या बळावर. त्यांचं ते काम मला फार मोठं वाटतं. पण आप्पासाहेब गेल्यावर भाव्यांचा राजाश्रय सुटला आणि त्यांना खेळ घेऊन मुंबई गाठावी लागली. एका माणसावर उभं असलेलं काम किती कच्चं असतं, हे आमच्या शाळेनं बाई निवृत्त झाल्यावर पाहिलंच होतं.

म्हणून करोनानंतर तालमी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवली, एक मोठं आणि एक शाळेतलं. डिमर माझा वर्गमित्र सांभाळतो, पण नाटकाच्या दिवशी त्यावर हात दहावीतल्या मुलीचा असतो. ताईंकडून दोन मुलगे कपडे बेतायला शिकलेत. हरभऱ्याच्या पोत्याची मुलगी आता कॉलेजात आहे आणि शनिवारी नव्या मुलांची तालीम घेते. नियम ती माझ्याहून कडक पाळते.

आता अडचण आहे ती टेम्पोची. भावे नाट्यमंदिरात प्रयोग करायचा म्हटला की नेपथ्याच्या चौकटी विश्रामबागहून गावात न्याव्या लागतात आणि भाड्यातच निम्मे पैसे जातात. कुणाकडे मोठी गाडी असेल आणि रविवारची सकाळ मोकळी असेल, तर त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या तालमीला यावं. गाडी चालवणाऱ्यालाही वाक्य म्हणून दाखवायची मुभा नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते.