लाल रिळावरचे ओरखडे

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. दादाचं मासे गरवायचं लाल रीळ माळ्यावरच्या पेटीत सापडलं हे वाचलं आणि उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. मग पुढचं पत्र वाचलं. त्यावरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासून, वरून लाल स्प्रे मारून ते नव्यासारखं करायचं तुझ्या मनात आहे. अजून हात लावला नसशील तर लावू नकोस.

तो लाल रंग वरून लावलेला नाही. रिळाच्या बाजूची ॲल्युमिनियमची तबकडी आम्लात बुडवून तिच्यातून वीज सोडतात. मग धातूच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड होत जातं, थोडं वर फुगून, थोडं आत शिरून. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात धरून छिद्रांची तोंडं मिटवायची, म्हणजे झालं ॲनोडायझिंग. शोभेच्या कामाला हा थर 5 ते 25 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन धर. अंगठीतलं माणिक मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच असतं, तेव्हा या थराच्या टणकपणाचं नवल नको. खाऱ्या वाऱ्यात त्याने इतकी वर्षं काढली आहेत. पण पेपर चालवलास की ओरखड्याच्या आजूबाजूचा चांगला लाल थरही जाईल आणि खालचं ॲल्युमिनियम उघडं पडेल. मीठ नेमकं त्याच्यावरच टपलेलं असतं.

माझ्या निळ्या रिळाची मी हीच गत केली. एक ओरखडा घालवायला बसलो आणि रुपयाएवढा पांढरा डाग पाडून उठलो. पुढच्या शिमग्यापर्यंत त्या डागात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. अजून वाईट वाटतं.

आता तुझ्या रिळाचं. दादा बोटीवर नोकरीला होता तेव्हा त्याने ते आणलं. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावचं ते अँबॅसडर. ते बनवणारा आबू कारखाना 1921 साली निघाला तो घड्याळं बनवायला. रिळाचं चक्र बोटाने फिरवून कानाशी धर, मग हात घड्याळजींचा आहे हे तुझं तुलाच कळेल.

आधी ते धू. पाणी गोडं हवं आणि धार बारीक हवी. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत बेअरिंगपर्यंत ढकललं जातं. मऊ दातब्रश आणि भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब पुरे. चिंच, लिंबू, सोडा, पितळेची पावडर यांतलं काही नको. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट आमटी ठेवायची नाही हे तू आजीकडून ऐकलंच आहेस, तोच नियम. तारेचा घासा तर मुळीच नको, त्याचे लोखंडी कण धातूत रुतून बसतात आणि गंजतात.

कोरडं झालं की सकाळच्या तिरप्या उन्हात बघ. ओरखड्यावरून आडवं नख फिरव. नख अडलं नाही तर ती नुसती वरची खूण आहे, मेणाने पुसट होईल. नख अडलं तर मल्टिमीटर काढ. चाळीस वर्षं वायरिंगची कामं केली म्हणून सांगतो, यापेक्षा चांगली पारख नाही. ॲनोडायझिंगच्या थरातून वीज जात नाही. मीटरची एक काडी तबकडीच्या आतल्या उघड्या धातूला लाव आणि दुसरी ओरखड्यात नुसती टेकव, दाबू नकोस. मीटर वाजलं तर घाव धातूपर्यंत पोचला आहे. नाही वाजलं तर थर शाबूत आहे. त्या ओरखड्याला काही करायचं नाही.

वाजणाऱ्या ओरखड्यांनाच औषध. आत पांढरी भुकटी असेल तर आगपेटीच्या काडीला टोक करून अलगद खरवड. स्पिरिटच्या बोळ्याने पूस. मग सर्वांत बारीक कुंचल्याने लाल इनॅमल फक्त त्या चरीत भर, काठावर येऊ देऊ नकोस. पातळ दोन हात दे, मध्ये एक दिवस जाऊ दे. मार्करची शाई वापरू नकोस, उन्हात उडते. शेवटी गाडीला लावायचं मेण लावून सुती कापडाने पूस. रंग जुन्या लालाशी तंतोतंत जुळणार नाही. आपल्याला पाणी आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम आहे.

रिळाचा पाय क्रोमचा मुलामा दिलेला पितळी आहे. फोटोत तिथे हिरवा कळंक दिसतो. तोही काडीनेच काढ आणि मेण लाव. वरचं क्रोम एका मायक्रॉनहूनही पातळ असतं, घासत बसलीस तर खालचा धातू दिसेल.

एक ओरखडा मात्र सोडायचा नाही. तंगूस ज्या कडीतून जातो तिच्या आतल्या कडेवरून कापसाचा बोळा फिरव. धागा अडकला तर तिथे कंगोरा आहे आणि तो तंगूस कापणार. ती कडी घासत बसू नकोस, बदलावी लागेल. मी शोधतो.

आता मुठीजवळचे ते तीन लांब ओरखडे. त्या रात्री आम्ही मिऱ्याच्या खडपावर गरवत होतो. दादाला तांबोशी लागली, ती बिळात शिरायला बघत होती आणि तो गुडघ्यावर बसला तसं रीळ दगडावर घासलं. त्याने ते वर उचललं नाही, कारण उचललं असतं तर मासा सुटला असता. बॅटरी मी धरली होती. घरी आल्यावर वहिनीने जखम झालेल्या गुडघ्याला हळद लावली आणि दादा दिव्याखाली रीळ पुसत बसला. मीटर वाजलं तर त्या तिघांनाही रंग भर. पण ते दिसायला हवेत, गं. तबकडी काढून दुकानात दिली तर सगळा थर कॉस्टिकने उतरवून पुन्हा लाल करून मिळते. पण त्या उतरवण्यात थोडा धातूही जातो आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात. दादाच्या रिळाचं तसं करू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा ते घेऊन ये. पाऊस तोवर सरलेला असेल. नवा तंगूस मी आणून ठेवतो, रिळावर तू भर.

तुझा,
काका