एक क्षण, गुरुजी!

आमच्या तळेगाव ढमढेऱ्याजवळून वाहणाऱ्या नदीचे नावच वेळ. म्हणूनच की काय, गावाला वेळेची टंचाई कधी जाणवली नाही. ‘आलोच एका क्षणात’ म्हणून पारावरून उठलेला माणूस घटकेने परतला, तरी त्याला कोणी बोल लावीत नाही.

गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थ्याने माझे हे सुख मोडले. पोरगा पुण्यात पदार्थविज्ञान शिकतो. चकली मोडता मोडता म्हणाला, “गुरुजी, क्षण केवढा असतो?”

मी मॅट्रिक झालेला मास्तर! बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेलांनी १९६४ साली अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर बनवला, हे वर्गात अभिमानाने सांगतो. पण लेसर म्हणजे काय, हे कोणी विचारीत नाही म्हणून निभावते.

“सेकंदात प्रकाश ३ लाख किलोमीटर जातो,” तो म्हणाला. “त्या सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करा. एका तुकड्यात तो जेमतेम ०.३ मिलिमीटर सरकतो. एवढ्या क्षणाचा झोत आता मोहरीएवढ्या अर्धसंवाहक लेसरमधून निघतो.”

“तो कशाला हवा?”

“फिरत्या पंख्याची पाती दिसत नाहीत, पण क्षणभरच उजेड पाडला, तर थांबल्यासारखी दिसतात. तसेच अणुरेणूंच्या चपळ हालचाली टिपायला.”

लेसरच्या पोटात प्रकाशाच्या अनेक लाटा दोन टोकांमध्ये येरझारा घालतात. ज्याने त्याने आपापले लेझीम वाजवले, तर नुसता गलका. सर्वांचे एकदम पडले, तर एकच खणखणीत ‘छण्’ आणि मग शांतता. तसेच हे.

“पण हलगी कोण वाजवतो?” मी विचारले.

“कोणी नाही. आत एक पट्टी असते. मिणमिणता प्रकाश ती गिळते, जोरकसाला वाट देते. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, कमजोर कडा झिजतात आणि टोकदार झोत उरतो.”

पोरगा गेला, पण ती पट्टी माझ्या मनातून जाईना. इतकी वर्षे वर्गात मी दुसरे काय केले? खणखणीत उत्तराला ‘शाब्बास’, चाचरणाऱ्याला ‘बस खाली’. लेसरला ते शोभते. मास्तराला?

सुट्टीनंतर शाळा उघडली. प्रश्न विचारताच नेहमीची बोटे वर झाली. मी शेवटच्या बाकावरच्या पोराकडे पाहिले आणि थांबलो. चांगला अर्धा मिनिट. तेवढ्यात प्रकाश ९० लाख किलोमीटर गेला असेल. जाईना बापडा!

पोराचे उत्तर आले. निम्मे बरोबर होते. उरलेल्या निम्म्यासाठी मी आणखी थांबलो. वेळेकाठच्या मास्तराला घाई कसली?