बाहीखालची तुळस

मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, आमच्या जिल्हा न्यायालयात काळा कोट चढवून उभा राहणारा वकील एक तर कालच सनद मिळालेला असतो, नाही तर त्याला काही तरी लपवायचे असते. उन्हाळ्यापुरती नियमांनीच आम्हांला सूट दिलेली आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालये सोडली, तर इतरत्र या दिवसांत कोटाची सक्ती नाही. त्यामुळे एप्रिल लागला की बाररूममधल्या खुंट्यांवर कोट लटकू लागतात आणि मंडळी पांढऱ्या सदऱ्यांवर वावरू लागतात.

२०२३ च्या मे महिन्यात मात्र मी एकटा कोटात होतो. पाठीवरून घामाचे ओहोळ वाहत होते, गळ्यातला पांढरा बँड ओला चिंब झाला होता. पण कोटाचे एक बटणसुद्धा मी सोडले नाही. एका न्यायाधीशांनी तर नव्या वकिलांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "शिस्त म्हणजे काय ते यांच्याकडून शिका." मी नम्रतेने मान लववली. बाहेर आल्यावर एका स्नेह्याने विचारले, "काय हो, बरे नाही का?" मी म्हणालो, "अंगात जरा कणकण आहे."

खरी गोष्ट अशी होती की, माझ्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, एक तुळशी वृंदावन होते. पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटला की आतली तुळस स्पष्ट दिसे. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हातावर गोंदून घेणाऱ्या दिवाणी वकिलाला आमच्या गावात काय म्हणतील, याची मला पुरेपूर कल्पना होती.

ही तुळस मूळची माझ्या आजीची. आजीचे दोन्ही हात गोंदलेले होते. उजव्यावर ठिपक्यांची रांग, डाव्यावर वृंदावन, आणि हनुवटीवर एक हिरवट ठिपका. सुगीनंतर गावात गोंदणारीण यायची. पोरीला मांडीशी घट्ट धरून, तिचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून गाणे म्हणत, सुयांचा जुडगा काजळीत बुडवून टोचत जायची. आजी सांगे, "सात वर्सांची व्हते. वरडले म्हंजे केवढी! आईनं नंतर हळद लावली अन् गुळाचा खडा दिला." मग मोठ्या समाधानाने हात निरखत म्हणे, "सोनंनाणं हितंच ऱ्हातं बाबा. ह्ये तेवढं संगं येतं."

लहानपणी त्या वृंदावनावरून बोट फिरवीत मी झोपी जात असे. त्याच्या ठिपक्यांत एक जागा चुकलेली होती. डाव्या अंगाचा तिसरा ठिपका ओळ सोडून जरा बाहेर गेला होता. आजी म्हणे, त्याच वेळी तिने हात ओढला होता.

१९९९ च्या मे महिन्यात मला सनद मिळाली. घरी चहापानाचा बेत ठरला. गावातले दोन ज्येष्ठ वकील, एक निवृत्त मामलेदार, अशी मोठी माणसे येणार होती. मी नवा काळा कोट घालून आरशासमोर उभा होतो, आणि मनात काय आले कोण जाणे, स्वयंपाकघरात जाऊन आजीला म्हणालो, "आजी, ते हात दिसणार नाहीत असं काही तरी घाल ना."

आजीने माझ्याकडे एकदा पाहिले. 'का' म्हणून विचारले नाही. तिच्यापाशी लांब बाह्यांचे पोलके नव्हते. तिने ट्रंक उघडली, तळातून माझ्या वडिलांचा जुना लोकरी स्वेटर काढला आणि तो लुगड्यावर चढवून, वैशाखाच्या त्या काहिलीत, ती पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे घेऊन आली. मामलेदारांनी विचारले, "आजी, एवढ्या उन्हाळ्यात स्वेटर?" आजी म्हणाली, "व्हय, अंगात जरा कणकण हाय."

आजी २००९ साली गेली. तिच्याबरोबर ते वृंदावनही गेले. मागे उरला एक फोटो. त्यात ती शेंगा निवडते आहे आणि तिचा डावा हात पुरा दिसतो आहे.

तो फोटो खिशात घालून २०२३ च्या फेब्रुवारीत मी पुण्याला एका गोंदणाऱ्या मुलीकडे गेलो. माझी कल्पना होती की तिथे अंधार असेल, भिंतीवर कवट्या असतील. प्रत्यक्षात ती खोली एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यासारखी होती. मुलीने मला 'काका' म्हटले आणि जवळजवळ अर्धा तास माझा उलटतपास घेतला. मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, जखम भरायला वेळ लागतो का, पेशा कोणता. वकील म्हटल्यावर तिने माझ्या सदऱ्याची बाही मोजली आणि मनगटापासून चार बोटे वर पेनाने खूण केली. "याच्या खाली नको, काका. हात उचललात की बाही मागं सरकते. आणि बोटांवर, तळव्याच्या कडेला तर नकोच; तिथलं लवकर पुसट होतं."

मी पहिल्या दिवशीच काम आटोपून परतणार होतो. तिने नकार दिला. तुळशीची पाने फोटोत होती तितकी बारीक काढली तर दहा वर्षांत शाई पसरून त्यांचा एक डाग होईल, म्हणून तिला चित्र थोडे मोठे करून रेघांमध्ये अंतर ठेवायचे होते. चार वेळा कागदावर काढून तिने मला दाखवले. चांगल्या गोंदणाची कसोटी म्हणे आजची नव्हे, पुढच्या वीस वर्षांची असते. शेवटच्या कागदावर तिने एक गोष्ट विचारली, "इथला एक ठिपका बाहेर गेलाय. ओळीत घेऊ ना?"

"नको," मी म्हणालो. "तो तिथेच राहू दे."

आठवड्याने काम झाले. माझ्यासमोर सुईचे बंद पाकीट फोडले गेले, हातमोजे चढले आणि यंत्र गुणगुणू लागले. या यंत्राची कुळकथा मौजेची आहे. एडिसनने कागदाला बारीक छिद्रे पाडून नकला काढण्यासाठी विजेची लेखणी केली, तिचे पेटंट १८७६ चे. तीच कल्पना पुढे नेऊन १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली नावाच्या कारागिराने गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे जे उपकरण कचेरीतल्या कारकुनासाठी जन्मले, ते अखेर माणसाच्या कातडीवर लिहू लागले.

दुखले का? दुखले. पण मी हात ओढला नाही. दुसरा वाकडा ठिपका मला परवडणारा नव्हता.

कातडी तर सतत झडत असते, मग गोंदण टिकते कसे, असा प्रश्न मला पडला होता. शाई वरच्या झडणाऱ्या थरात नसते, तिच्याखालच्या थरात असते. तिथल्या पेशी ती गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, अशी पेशी मेली की तिची शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी ती उचलून घेते. हे वाचून मला हसू आले. आम्हां वकिलांच्या भाषेत हा सरळ सरळ वारस-फेरफार झाला. खातेदार गेला की सातबारावर वारसाचे नाव चढते, जमीन तिथेच राहते.

घरी बायकोने तुळस बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण आता कोर्टात काय करणार?" मी म्हणालो, "कोट आहे ना." आणि अशा रीतीने तो मे महिना आला.

बिंग फुटले ते घामाने नव्हे. ऑगस्टमध्ये वकील संघाचे रक्तदान शिबिर असते. गेली वीस वर्षे मी न चुकता रक्त देत आलो. फॉर्म भरता भरता एका प्रश्नाशी पेन थांबले: गेल्या बारा महिन्यांत अंगावर गोंदून घेतले आहे का? तसे असेल तर वर्षभर रक्त घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एका सुईतून दुसऱ्याच्या रक्तातला रोग तिसऱ्याकडे जाऊ शकतो. एकच जुडगा गावभर फिरवणाऱ्या गोंदणारणीच्या काळी कुणाला याची कल्पना नव्हती.

'नाही' लिहिले असते तर कोण तपासणार होते? 'कणकण आहे' म्हणून परतही जाता आले असते. पण ज्या कणकणीने आजीला भर वैशाखात स्वेटर घालायला लावला, ती मला आता पुरे झाली होती. मी 'होय' वर खूण केली. माझ्या मागे आमच्या बारमधले सर्वांत ज्येष्ठ वकील उभे होते, आणि दुसऱ्याचे कागद वाचणे हा आमचा धंदाच आहे.

बाररूममध्ये दुपारी माझ्यावर खटला चालला. ज्येष्ठ म्हणाले, "अहो, ही खलाशांची कामे. आपल्या पेशाला शोभतात का?" मी बचाव सुरू केला. म्हटले, "मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया ज्याच्या आगमनाची आठवण म्हणून बांधले, तो पंचम जॉर्ज १८८१ साली जपानला गेला होता आणि तिथे त्याने हातावर ड्रॅगन गोंदून घेतला होता. पुढे पंचवीसहून अधिक वर्षे या देशातली न्यायालये त्याच हाताच्या नावाने चालली."

"तेव्हा तो काय करत होता जपानात?"

"आरमारात होता."

"म्हणजे खलाशीच ना? मग माझे काय चुकले?"

साऱ्या बाररूमने टेबले बडविली. मी दुसरे कलम काढले, की कंपनी सरकारच्या अमलात बंगालमध्ये खुद्द कायदाच कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असे आणि ती पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. पण हा दाखला माझ्या बाजूचा की विरुद्ध, हे माझे मलाच ठरवता येईना, म्हणून मी खाली बसलो.

थट्टेवर निभावले असते तर बरे झाले असते. पण महिन्याभरात एका व्यापारी घराण्याने आपली तीन प्रकरणे माझ्याकडून परत नेली. आमच्या वडिलांपासूनचे ते अशील. गोंदणाचा शब्दही कुणी काढला नाही. "मुलगा पुण्यातला वकील बघा म्हणतोय," एवढेच ते म्हणाले आणि बोलताना सारखे माझ्या डाव्या बाहीकडे पाहत राहिले. त्या रात्री मला झोप आली नाही. तीन प्रकरणांची फी काही थोडी नव्हती. मुलीच्या शिक्षणाचे वर्ष होते. चूक झाली का, असे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. उत्तर मिळाले नाही.

पुढच्या वर्षी वाटपाच्या एका दाव्यात माझी अशील साक्षीला उभी राहिली. सत्तरीच्या आसपासची बाई; वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागत होती. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांसारखाच जन्मतः हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला, एवढ्या आधारावर ती धाकट्या भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढली होती. समोरच्या वकिलांनी विचारले, "भावावर राग आहे म्हणूनच तुम्ही हा दावा केलात ना?"

बाईने बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला. हातावर, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्या भावाचे नाव गोंदलेले होते.

"राग असता तर ह्ये नाव घिऊन साठ वर्सं फिरले असते का, सायेब? नाव खोडायचं नाई मला. वाटनी तेवढी पायजे."

हे टिपून कसे घ्यायचे, असा न्यायाधीशांना क्षणभर प्रश्न पडला. मग त्यांनी सांगितले, "साक्षीदार हातावरील नाव दाखविते, असे लिहा." भाऊ मागच्या बाकावर बसला होता. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मे महिनाच होता. बाहेर व्हरांड्यात बाईला पाणी द्यावे म्हणून मी माठाशी गेलो. कोट अंगात जड झाला होता. तो काढून बाकावर टाकला आणि बाह्या दुमडल्या. येणारे-जाणारे वकील पाहत होते. बाईने पाण्याचा पेला खाली ठेवला, माझा हात आपल्या हातात घेतला आणि खरबरीत अंगठा वृंदावनावरून फिरवला.

"कुनाची हो ही तुळस?"

"माझ्या आजीची."

तिने डोळे बारीक केले. "ह्यो एक ठिपका भाईर गेलाय, वकीलसायेब."

"आजीचाही गेला होता."

"मग बराबर हाय," ती म्हणाली आणि उरलेले पाणी पिऊन टाकले.

त्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. गेलेली तीन प्रकरणे परत आली नाहीत. कोट मात्र आता एप्रिल लागला की बाररूममधल्या खुंटीवर असतो, इतरांच्या कोटांबरोबर.