स्टँडबाय आणि अण्णांची दुसरी मोटर

येत्या शनिवारी रात्री आमचा डेटाबेस नव्या व्हर्जनवर उडी मारणार. लोक अशा वेळी नारळ फोडतात, मी गावी येऊन बसलो. गाव देवगाव फाट्यापासून थोडं आत. फाट्यावर जालन्याकडून आलेल्या एसटीला एक वाट जिंतूरची, एक सेलूची. चुकीच्या गाडीत बसलात तर पुढच्या थांब्यावर उतरून फाट्यावर परत यायचं, बास. डेटाबेसच्या बाबतीत मात्र तो थांबा आधीच ठरवावा लागतो.

अण्णांनी विचारलं, "बिघडलं तर मंग?"

मी ऐटीत म्हटलं, "स्टँडबाय आहे ना! इथला बदल क्षणात तिकडं जातो."

"मंग बिघाड बी क्षणातच जाईल की!"

गप्प बसलो. दोन वर्षांपूर्वी नेमकं तेच झालं होतं. एका अपडेटमध्ये मी 'व्हेअर' लिहायला विसरलो आणि हजारो खातेदारांचा पत्ता एकच झाला. एंटरवरचं बोट उचलायच्या आत स्टँडबायवरही तोच पत्ता. मग बॅकअप चढवा, चुकीच्या एक मिनिट आधीपर्यंतचे लॉग लावा... नऊ तास! त्यानंतरच्या नोंदी हातानं भरल्या, त्या वेगळ्याच. मशीन मेलं तर स्टँडबाय वाचवतो. माणूस चुकला तर तो चूकही इमानेइतबारे कॉपी करतो.

म्हणून यावेळी काम सुरू करण्याआधी स्टँडबाय पूर्ण जुळलाय हे बघायचं आणि तिथं लॉग लावणं थांबवायचं. अण्णा दुबार पेरणीसाठी सोयाबीनची एक थैली मागं ठेवतात, तसं. (पावसाचा भरवसा त्यांना नाही, माझा मला नाही.)

खरी मारामारी झाली परत फिरण्याच्या वेळेवर. सकाळी सातला ग्राहक आत आले की नव्या डेटाबेसमध्ये नव्या नोंदी पडणार. त्यानंतर जुन्यावर गेलो तर त्या नोंदींचं काय? म्हणजे निर्णय सातच्या आधी, आणि तो घेणारा माणूस एकच. त्या एका नावावर तीन मीटिंगा गेल्या. शेवटी पहाटे पाच ठरलं.

24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत एनएसईचे व्यवहार 11.40 ला थांबले ते 3.45 ला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, पण व्यवहार तिकडं हलवले नाहीत. पुढं 2 मार्च 2024 ला, शनिवार असूनही, मुद्दाम बाजार उघडला: 9.15 ते 10 मुख्य केंद्रावरून, 11.30 ते 12.30 पर्यायी केंद्रावरून. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्या विहिरीवरची दुसरी मोटर महिन्यातून एकदा चालवावीच लागती. नाहीतर ऐन वक्ताला जाम."

आमची मोटर आम्ही गेल्या आठवड्यात एकदाच चालवली. परत फिरायला पन्नास मिनिटं धरली होती, लागले पावणेतीन तास! डेटाबेस दहा मिनिटांत उठला. बाकी वेळ जुने प्रोग्रॅम परत चढवण्यात आणि प्रत्येक सर्व्हरला जुना पत्ता सांगण्यात गेला. सगळ्यांनी "चला, जमलं" म्हणून टाळ्या वाजवल्या (मीपण). पाचला निर्णय घेतला तर पावणेआठ वाजतात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आज परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत मेल टाकली: पाच नाही, चार. गाडी यायच्या आत मॅनेजरचं उत्तर आलं, "का?"

पावणेतीन तासांचा हिशोब लिहून पाठवलाय.