हुडिनीची पेटी

मृत्युपत्रात माणूस आपली चीजवस्तू कोणाला द्यावी हे लिहितो. काय नष्ट करावे हे क्वचितच लिहितो. जगद्विख्यात जादूगार हॅरी हुडिनी याने तेही लिहून ठेवले होते. त्याच्या खेळांची साधने धाकटे बंधू थिओडोर हार्डीन यांच्याकडे जावीत आणि त्यांच्या पश्चात ती जाळून नष्ट करावीत, अशी ती इच्छा होती. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइट येथे हुडिनीचे निधन झाले. साधने मात्र जाळली गेली नाहीत. हार्डीन यांनी १९४०च्या दशकात त्यांतील बराचसा भाग सिडनी रॅडनर या हुडिनीप्रेमी जादूगाराला विकला. विक्री हयातीतच झाल्याने ‘पश्चात’ या शब्दाला बाध आला नाही, असे एखादा काटेकोर वकील म्हणेल. शब्द राहिला, हेतू गेला. वारसाच्या कागदपत्रांत असे पुष्कळदा घडते.

रॅडनर यांच्या संग्रहातील निवडक वस्तू कॅनडात, नायगारा धबधब्याजवळच्या हुडिनी संग्रहालयात मांडण्यात आल्या. तेथेच ती प्रसिद्ध जलकोठडी होती. पाण्याने काठोकाठ भरलेल्या या पेटीत हुडिनीला पाय अडकवून उलटे सोडत, वरून कुलपे लावत, आणि तो बाहेर येई. १९९५ मध्ये या संग्रहालयाला आग लागली आणि जलकोठडीची केवळ धातूची चौकट उरली. भावाने न पाळलेली इच्छा अग्नीने पाळली असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या चौकटीचीही पुढे दुरुस्ती झाली. माणसांना वस्तू सोडवत नाहीत हेच खरे.

अमेरिकेतील ॲपलटन या लहान शहराची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. हुडिनीचा जन्म २४ मार्च १८७४ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील ज्यू धर्मगुरू होते आणि तो बालपणीच ॲपलटनला आला. पुढे आपला जन्मच ॲपलटनचा असल्याचे तो सांगत असे, इतके ते गाव त्याला आपले वाटे. तेथील संग्रहालयाने २००४ मध्ये हुडिनीवर प्रदर्शन भरवले आणि त्यात त्याच्या ‘मेटामॉर्फॉसिस’ या खेळाचे रहस्य प्रेक्षकांपुढे उघड केले. जादूगारांनी तीव्र निषेध केला.

या खेळात हुडिनीचे हात बांधून त्याला पोत्यात घालत, पोते पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावत, वरून दोर आवळत. पत्नी बेस पडद्याशी उभी राही. ती तीन टाळ्या वाजवी. तिसऱ्या टाळीला पडदा सरे तो समोर हुडिनी मोकळा उभा, आणि पेटी उघडावी तर पोत्यात हात बांधलेली बेस! यातील युक्ती पेटीत आहे. पण केवळ युक्ती कळून कोणाला हा खेळ करता येणार नाही. पती-पत्नींनी वर्षानुवर्षे केलेला सराव कोणत्याही फलकावर लिहून दाखवता येत नाही.

मग रहस्य सांगितले म्हणून बिघडले काय? बिघडते. देवणीसारख्या गुरांच्या बाजाराच्या गावी गारुडी येई, टोपलीखाली आंब्याचे रोप उगवून दाखवी आणि फडक्यावर पडलेल्या नाण्यांवर संध्याकाळची चूल पेटे. टोपली उचलून पाहणारा आगाऊ मुलगा ज्ञानात भर घालत नसे. तो एका कुटुंबाची भाकरी हिरावून घेत असे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागचे कारणही सांगतात. पाण्याने दिवा पेटतो तो कॅल्शियम कार्बाइडमुळे, हे शाळकरी मुलांनाही समजते. हे रहस्यभेदन योग्य, तर ॲपलटनचे अयोग्य कसे?

उत्तर हुडिनीच्याच आयुष्यात आहे. मृतात्म्यांशी संवाद घडवतो असे सांगून शोकाकुल माणसांकडून पैसे उकळणाऱ्यांच्या चलाख्या त्याने १९२०च्या दशकात जाहीरपणे उघड्या पाडल्या. स्वतःची पेटी मात्र त्याने बंद ठेवली. भोंदू हातचलाखीला सिद्धी म्हणतो. जादूगार तिला हातचलाखीच म्हणतो आणि तिकीट लावतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या प्रयोगाला मराठी कुटुंबे मुलाबाळांसह जात, ती फसवून घ्यायला राजी होऊनच. या व्यवहारात दोन्ही पक्षांना अटी ठाऊक असतात. म्हणून पहिल्याची पेटी उघडणे हे कर्तव्य ठरते आणि दुसऱ्याची उघडणे हा करारभंग.

रॅडनर यांनी ॲपलटनला ठेवायला दिलेला आपला संग्रह त्या प्रदर्शनापूर्वीच, २००३ मध्ये, परत घेतला होता. ३० ऑक्टोबर २००४ रोजी लास व्हेगास येथे त्याचा लिलाव झाला. हुडिनीच्या पुण्यतिथीला तेव्हा एक दिवस उरला होता.